नियम इलो!

आपा पारकर हरायला लागले की नियम येत असे.

तो कुठून येई ते सांगता येणार नाही. खेळ ऐन रंगात असायचा, माझा गोळा नेमका जागेवर पोचलेला असायचा, आणि आपा एकदम उजव्या हाताचं बोट वर करायचे. मान तिरपी, डोळे अर्धे मिटलेले. देवळात कौल लागावा तसा चेहरा. मग म्हणायचे, "थांब, थांब शांताराम. नियम इलो!"

जणू तो नियम मालवणच्या एस.टी.तून उतरून, पिशवी सांभाळत, आमच्या पाणंदीने चालत आला होता.

मी व्यापारी माणूस. डोक्यावरून नारळाची पाटी वाहत सुरुवात केली आणि मिठबावात स्वतःची खोबऱ्याची वखार उभी केली ती केवळ भाव करण्याच्या जोरावर. मुंबईच्या दलालांना मी घाम फोडलेला आहे. समोरचा माणूस नुसता खोकला तरी तो आता किती खाली उतरणार हे मला कळतं. नाव शांताराम असलं तरी माझं डोकं तापायला काडी ओढावी लागत नाही, हेही लपवण्यात अर्थ नाही. असा मी, एका निवृत्त माळ्याकडून सात वर्षं हरत आलो. न्यायाने हरलो असतो तर हे लिहायला बसलोच नसतो.

आपा मुंबईला साहेब लोकांच्या एका क्लबात माळी होते. सत्तावीस वर्षं. तिथे बारीक कापलेल्या हिरवळीवर साहेब लाकडी गोळे घरंगळवत. ते गवत कापणं, त्याला पाणी मारणं, त्यावर रूळ फिरवणं हे आपांचं काम. साहेब देश सोडून गेले तेव्हा जुने चार गोळे आणि एक छोटा पांढरा चेंडू आपांच्या हातावर ठेवून गेले. पुढे दोन-तीन वर्षांनी आपा ते गोधडीत बांधून देवगडच्या बोटीने कायमचे घरी आले. लोक मुंबईहून घड्याळ आणतात, ट्रंक आणतात. ह्यांनी गोळे आणले. धक्क्यावरच्या हमालाने गाठोडं उचललं आणि विचारलं म्हणे, "काय आसा रे ह्यात? साहेबांची टकली?"

गोळा म्हणजे पेजेच्या वाडग्याएवढा, काळाभोर, आणि मुद्दाम एका कुशीला जड केलेला. त्यामुळे कितीही सरळ सोडा, शेवटी शेवटी तो वळतोच. आधी पांढरा चेंडू लांब टाकायचा, मग दोघांनी पाळीपाळीने गोळे सोडायचे. ज्याचा गोळा चेंडूच्या अधिक जवळ त्याला गुण. पांढऱ्या चेंडूचं नाव आपांनी ठेवलं होतं 'मडम'. "मडमेच्या जवळ जावचा, पण अंगाक लागाचा नाय, तो खरो जंटलमन," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच गोळा जाऊन मडमेला धडकला. लगेच बोट वर. "नियम इलो! अंगाक लागलो तर दोन गुण. वळख झाली मा तेंची!"

मिठबावात हिरवळ कुठून आणायची? आपा खेळत ते खळ्यात. भात झोडायला घरापुढची जागा दर वर्षी नव्याने करतात ना, तेच खळं. माती खणायची, पाणी शिंपायचं, चोपण्याने बडवून बडवून सपाट करायची, वर शेणाचा सारवा. सगळा गाव खळं करतो, पण आपांचं खळं म्हणजे परात. त्यावर सांडलेलं पाणीसुद्धा कुठल्या बाजूला जावं याचा विचार करत उभं राहायचं.

आणि तिथेच माझ्या तक्रारीचं मूळ आहे. माझं घर त्यांच्या शेजारी, पण माझं अंगण म्हणजे कातळाचा उतार. त्यावर फणसाची सावली. ऊन दहाला येतं आणि तीनला निघून जातं. खोबरं वाळण्याऐवजी त्याला बुरशी धरते. पलीकडे आपांच्या खळ्यात दिवसभर ऊन नुसतं लोळत असतं. भात झोडून झालं की त्यांना त्या जागेचा उपयोग काय? मी ती मागितली. भाड्याने मागितली. बदल्यात बांधावरचे दोन माड देतो म्हटलं. शेवटी दर वर्षी त्यांच्या घराची कौलं परतून देतो म्हटलं. आपा खोकलेसुद्धा नाहीत. नुसते हसले आणि म्हणाले, "खेळान घे."

"म्हणजे?"

"एक डाव जिंक. खळा तुझा. मगे थंय खोबरा घाल, मिरचे घाल, नायतर उताणो पडान रव."

मी तिथल्या तिथे हात पुढे केला. इतका सोपा सौदा मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. खेळाचे नियम काय, हे मी विचारलं ते हातावर हात पडल्यानंतर. वखारीतल्या माणसाने अशी चूक केली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

"नियम खेळता खेळता येतत," आपा म्हणाले. "तूय कर. एका डावात एकेकान एक नवो नियम. माझी काय ना नाय."

त्यांचे काही नियम मात्र कायमचे होते. गोळा सोडण्याआधी तो जमिनीवर दोनदा ठोकायचा आणि आपलं नाव मोठ्याने सांगायचं. गोळा सुटला की तो थांबेपर्यंत तोंडाने सांगत राहायचं: "चाललो, चाललो, पोफळीकडे वळलो, मंद झालो, थांबलो!" अंतर मोजायचं ते वितीने, आणि प्रत्येक वीत मोठ्याने मोजायची. आणि टोपी काढायची. का? तर "साहेब असाच करी." मी टोपी काढली की आपा पडवीकडे तोंड करून ओरडायचे, "शांतारामान टोपी काढल्यान गो! उजेड पडलो!"

एकदा मालवणचा एक गिऱ्हाईक खोबरं बघायला आला, तो मला उघड्या टकलाने "वळलो, वळलो!" ओरडताना बघून बांधावरच थबकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तेव्हा त्याने खोबऱ्याचं नाव काढलं नाही. कणकवलीला एक चांगला वैद्य आहे, एवढं हळूच सांगून गेला.

नियम मीही केले. एका डावात म्हटलं, आपांनी डाव्या हाताने टाकायचं. आपांनी डाव्या हाताने गोळा असा सोडला की तो मडमेच्या कुशीत जाऊन निजला. "सत्तावीस वर्सां साहेबाचो रूळ दोनय हातांनी ओढलो, शांताराम," ते म्हणाले. "माझे दोनय हात उजवे."

एवढ्यावरही मी जिंकलो असतो. पण पंच!

पंच होती आपांची बायको. मी तिला वयनी म्हणत असे. ती पडवीत पाटावर बसायची, पुढ्यात दोन करवंट्या, एक माझी, एक आपांची. गुण झाला की करवंटीत चिंचोका टाकायची. बारा चिंचोके आधी ज्याचे, त्याचा डाव. आणि वयनी आंधळी होती. आपा मुंबईला असताना हळूहळू तिची नजर गेली. आपा वर्षातून एकदा गणपतीला आठ दिवस यायचे. दर वर्षी तिला त्यांचं तोंड थोडं थोडं कमी दिसलं. ते कायमचे आले तेव्हा तिला उजेड आणि काळोख यापलीकडे काही कळत नव्हतं. एकदा चिंचोके मोजता मोजता ती सहज म्हणाली होती, "हे खंय काय करीत होते इतकी वर्सां, ता बघूक एकदा मुंबैक जावचा होता माका. रवला."

मला तिच्याबद्दल आदर होता. पण पंच आंधळा आणि प्रतिपक्षाची लग्नाची बायको, हा न्याय कुठल्या कोर्टात चालेल? मी चिडून एकदा नियम केला: खेळताना पंचाशी कोणी बोलायचं नाही. वयनीने करवंटीवर चिंचोका वाजवला. "ह्यो नियम पंचाक मान्य नाय."

आणि तो पाहुण्याचा डाव तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी अकरा, आपा नऊ. माझा गोळा मडमेला खेटून. आपांचा गोळा भरकटत गेला आणि तुळशीवृंदावनाच्या पायरीला टेकला. माझ्या डोळ्यांसमोर त्या खळ्यावर खोबऱ्याच्या वाट्या पसरल्यासुद्धा. इतक्यात बोट वर.

"नियम इलो! तुळशीकडे गेलो तो पाहुणो. पाहुण्याक तीन गुण, आणि मान पयलो तेचो!"

"आधी कुठे होता हा नियम?" मी गरजलो.

"वाटेत होतो," आपा म्हणाले.

वयनीने माझ्या गुणाआधी तीन चिंचोके मोजून आपांच्या करवंटीत टाकले आणि नेहमीचा निकाल दिला. "तू हरलंस, शांताराम. पण बरो हरलंस." दर वेळी हेच. हे 'पण बरो' कशासाठी ते मला कधी कळलं नाही. हरलेला माल बरा निघाला म्हणून कोणी घेत नाही.

त्याच वर्षी मी व्यापारासाठी मुंबईला गेलो आणि एक संध्याकाळ मोडून त्या क्लबाच्या मागच्या फाटकाशी गेलो. तिथला एक बेअरर आमच्याच बाजूचा, आरोंद्याचा निघाला. त्याला चहा पाजला, आमचं बोलणं बोललो, आणि त्याच्याकडून खेळाचे खरे नियम एकामागून एक कागदावर उतरवून घेतले. एकोणीस भरले. उठता उठता मी आपांचं नाव काढलं तर तो हसायलाच लागला.

"आपा पारकर? गवताचो आपा? अरे, तेका नियम दाखवूक जातंस? साहेब भांडाक लागले की खिडकीतसून तेकाच हाक मारीत. आपा सांगी तो नियम!"

बोटीवर मला रात्रभर झोप नाही. न कळणारा माणूस चुकीचे नियम सांगतो, ते मी समजू शकतो. पण ह्या गृहस्थाला सगळे नियम तोंडपाठ!

घरी पिशवी टाकली आणि तडक पारकरांच्या पडवीत गेलो. दोघांच्या समोर मी एकोणीसच्या एकोणीस नियम खणखणीत वाचायला लागलो. आपा खाली बघत बसले होते. बाराव्या नियमाला वयनीने मला थांबवलं.

"काय वाचलंस? परत वाच."

"एक जण खेळत असताना बाकीच्यांनी मागे उभं राहायचं आणि बोलायचं नाही."

"कोणीच नाय? गप रवाचा सगळ्यांनी?"

"कोणीच नाही."

"मगे ह्यो मुक्यांचो खेळ रे," वयनी म्हणाली आणि हसली. ती माझी टर उडवते आहे असं मला वाटलं. मी आपांकडे वळलो. "तुमका सगळे नियम ठावक होते! होते की नाय?"

"ठावक आसत," आपा हळूच म्हणाले. "म्हणान तर बदलूक येतत." मग त्यांचं बोट वर गेलं. "नियम इलो! कागद घेवन येणाऱ्याचो एक गोळो कमी."

मी त्या रागात पंधरा दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. सोळाव्या दिवशी गेलो. कागद खिशात ठेवून गेलो, पण गेलो.

वैशाखातली गोष्ट. त्या दिवशी गोळे माझं ऐकत होते. पुन्हा मी अकरा, आपा नऊ. एक गुण, फक्त एक. मी गोळा दोनदा ठोकला, "शांताराम!" म्हणून ओरडलो, आणि वयनी म्हणाली, "आज रवांदे रे. माका दमल्यासारख्या दिसता. ह्यो डाव उद्या."

"एक गुण उरलाय!" मी ओरडलो. "पंच उठून गेला तर डाव माझा!"

"पळान जावचो नाय तुझो डाव," ती म्हणाली आणि भिंत चाचपत आत गेली.

उद्या ती अंथरुणातून उठली नाही. परवाही नाही. डॉक्टर आले, औषधं झाली, पाऊस लागला. श्रावणात ती गेली.

मला वाटलं, आता आपा खळं करणार नाहीत. पण भात कापून झालं आणि एका सकाळी चोपण्याचा आवाज आला. एकटेच बडवत होते. मी मदतीला माणूस पाठवला तो त्यांनी परत पाठवला. चार दिवसांनी बांधावरून हाक आली.

"शांताराम, ये. खेळूया."

गेलो. आपांनी हात पुढे केला. "तुझो कागद आणलंस? तसोच खेळूया. तुझ्या एकोणीस नियमांनी."

कागद खिशातच होता. आम्ही खेळलो. गोळा ठोकला नाही. नाव सांगितलं नाही. टोपी डोक्यावर राहिली. आपा माझ्या मागे हात बांधून उभे राहत, मी त्यांच्या मागे. सारवलेल्या जमिनीवरून गोळा जातो तेव्हा त्याचा आवाज होतो, लांबच्या घरातल्या जात्यासारखा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सात वर्षं आमच्या आरडाओरड्यात तो ऐकूच आला नव्हता. आपांनी एकदाही बोट वर केलं नाही. बारा गुण माझे झाले तेव्हा त्यांचे चार होते.

"जिंकलंस," आपा म्हणाले. "खळा तुझा. उद्या खोबरा घाल." आणि ते पडवीची पायरी चढून घरात गेले.

मी जिंकलेल्या खळ्याच्या मधोमध उभा होतो. ऊन होतं. पडवीत वयनीचा पाट तिथेच होता, आणि पाटापुढे दोन करवंट्या. कोणी हलवल्या नव्हत्या. मी वाकून मोजलं. एकीत अकरा चिंचोके, एकीत नऊ.

नाव सांग. ठोक. कुठे चालला, कुठे वळला, सांगत राहा. वीत मोठ्याने मोज. टोपी काढलीस तर तीही बातमी तिला कळव. सात वर्षं मी समजत होतो की ते नियम मला हरवण्यासाठी आहेत. त्यांतला एकही माझ्यासाठी नव्हता. सत्तावीस वर्षं आपण कुठे होतो, काय करत होतो, ते हा माणूस रोज संध्याकाळी आपल्या बायकोला दाखवत होता. आणि मी मध्ये उभा राहून खोबऱ्याचा हिशेब करत होतो.

माझं डोकं तापलं. कोणावर ते माहीत नाही.

"आपा!" मी हाक मारली. "बाहेर येवा! ह्यो डाव माका मान्य नाय!"

आपा दारात आले. "कित्याक? जिंकलंस तर!"

"जुनो डाव अर्धो आसा. अकरा आणि नऊ. तो पुरो झाल्याबिगर नवो डाव लावचो नाय. सौदो म्हणजे सौदो!"

ते काही बोलायच्या आत मी टोपी काढून पायरीवर ठेवली. मडम टाकली. गोळा जमिनीवर दोनदा ठोकला आणि पडवीकडे तोंड करून घसा फुटेस्तोवर ओरडलो, "शांताराम! टोपी काढलंय, वयनी! चाललो, चाललो, पोफळीकडे वळलो, मंद झालो, मडमेक खेटान थांबलो!"

आपा दाराची चौकट धरून उभे होते. मग पायरी उतरले. गोळा उचलला. दोनदाऐवजी तीनदा ठोकला. "आपा," ते म्हणाले, आणि मग जरा मोठ्याने, "आपा! चाललो... वळलो..." गोळा भरकटला आणि तुळशीवृंदावनाच्या पायरीला जाऊन टेकला.

आपा त्या गोळ्याकडे बघत राहिले. हात खालीच होते.

मी बोट वर केलं.

"थांबा आपा. नियम इलो. तुळशीकडे गेलो तो पाहुणो. पाहुण्याक तीन गुण, आणि मान पयलो तेचो."

"तो जुनो नियम," आपा म्हणाले. "ह्या डावातलो न्हय."

"जुनो तर जुनो. इलो."

मी पडवीत गेलो आणि तीन चिंचोके मोठ्याने मोजत आपांच्या करवंटीत टाकले. दहा, अकरा, बारा. मग आम्ही दोघं त्या पाटाकडे बघत उभे राहिलो. निकाल कोणीतरी द्यायला हवा होता.

"तू हरलंस, शांताराम," शेवटी आपा म्हणाले.

"अर्धो निकाल मी घेवचंय नाय," मी म्हटलं. "पुरो सांगा."

आपांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"पण बरो हरलंस," ते म्हणाले.

माझं खोबरं अजूनही फणसाच्या सावलीत वाळतं. बुरशी धरते. दलाल नाक मुरडतात. संध्याकाळी मी टोपी काढतो आणि आपांच्या खळ्यावर ओरडायला जातो. हरतो. तक्रार माझी कायम आहे. पंच अजून त्यांच्याच बाजूचा आहे.